पेशंटचं माणूस

आमच्या घरात कुणी मला काम सांगितलं आणि मी जागची हलले नाही, की मुलं एकमेकांकडं बघून म्हणतात, "आईचा शिंगल पडलेला न्हाई." आल्या-गेल्याला हे कळत नाही. कुणाला वाटतं बाई रागावल्यात, कुणाला वाटतं काही दुखतंय. तसं दुखतंच. नर्सच्या नोकरीत पाय दुखायला रिटायर होईपर्यंत थांबत नाहीत, आधीच सुरुवात करतात. पण ते वाक्य माझं नव्हे. ते माझ्या शिरूरच्या घरमालकांचं. रेल्वेच्या खांबावरचा तो हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्याआधी मला वाटायचं, पडलेला सिग्नल म्हणजे मोडलेला सिग्नल.

साठच्या आगेमागेची गोष्ट. नर्सिंग संपवून मी शिरूरच्या मिशन दवाखान्यात लागले होते. क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून मेट्रनबाईंनीच जवळ एक खोली बघून दिली. मालक वयस्कर आहेत, आंधळे आहेत, सज्जन आहेत, असं त्यांनी सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. चौथी त्यांनी सांगितली नव्हती, ती अशी की मालक राहायला शिरूरला असले तरी दौंडहून ते अजून निघालेच नव्हते.

त्यांची सगळी उमर दौंडच्या यार्डात डबे जोडण्यात आणि सोडण्यात गेली होती. एक डोळा कोळशाच्या कणानं तिथंच गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा रेल्वेनं त्यांना घरी पाठवलं आणि ते आपल्या गावी येऊन राहिले. शिरूरला रेल्वे नाही. ही त्यांच्या लेखी शिरूरची चूक होती, आणि ती सुधारायचं काम त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं. "मेल गेली" म्हणाले की समजायचं जेवणाची वेळ झाली. "खाली डबे लागले" म्हणजे हंड्यात पाणी नाही. एखादा पाहुणा उठायचं नाव घेईना, की ते त्याच्यादेखत मला विचारत, "शिस्टर, ही गाडी हितंच यार्डात लागली का वो?" सगळं शिरूर त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. ते मला मालगाडी म्हणत. "येळापत्रकात न्हाई, कुनी हात हालवीत न्हाई, आन् सगळ्यांचं वझं वढती." ड्यूटीवरून आल्यावर चपला काढण्याइतकंही त्राण नसायचं, त्यामुळं मी ते कौतुक समजून घेत असे.

आता कुत्र्याकडं येते. मी कुत्र्यांना भिते. आजही भिते, आमच्या गल्लीतलं पिल्लूसुद्धा हे ओळखून आहे. आणि माझ्या नशिबी मालकांपेक्षा मालकांचं कुत्रंच मोठं. त्याचं नाव डायवर. मी एकदा विचारलं, की मामा, हे कसलं नाव? तर म्हणाले, "फुडं असतो त्यो डायवर. मी मागचा डबा. डब्याला डोळं कशाला लागत्यात?"

त्याच्या गळ्यातल्या दोरीचं टोक मामांच्या मनगटाला असे. बाहेर पडायचं तर मामा दोरी सैल सोडून उंबऱ्यात उभे राहत. डायवर आधी एकटाच रस्त्यात जाऊन बघे. नगरकडं जाणारा ट्रक, बाजाराला निघालेल्या गाड्या, एखादी मोकाट म्हैस. रस्ता मोकळा झाला की परत येऊन मामांच्या गुडघ्याला नाक लावी. मग मामा म्हणत, "शिंगल पडला," आणि निघत. त्याआधी कुणीही, अगदी गावच्या सरपंचांनी हाक मारली तरी पाय उचलत नसत. विलायतेत अशी कुत्री शिकवून तयार करतात, असं मेट्रनबाईंनी कुठंसं वाचलं होतं. आमच्या डायवरनं काहीच वाचलेलं नव्हतं. त्याला हे कुणी शिकवलं, याच्या तीन हकिगती मामा सांगत, आणि तिन्हींत शेवटी कुत्र्यानंच मामांना शिकवलेलं असे.

हिवाळ्यात पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर आमच्या दवाखान्यात यायचे. वर्षातून तेवढंच. मामांचा मोतीबिंदू पुरता पिकलेला होता. ह्या खेपेला काढला नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत डोळा आतून नासेल, मग कुणाच्यानं काही होणार नाही, असं मी त्यांना सांगत राहिले. रोज ड्यूटीवरून आल्यावर सांगायची. बारा तास लोकांना गोळ्या घ्या म्हणून विनवायचं आणि घरी येऊन घरमालकाला विनवायचं, असे त्या हिवाळ्यातले दिवस चालले होते. मामांचं म्हणणं, डायवर आहे ना. मग काही दिवसांनी, बघू. मग एके सकाळी ते आपणहून म्हणाले, की येतो, पण डायवर बरोबर असेल तर.

आमच्या दवाखान्यात एक शब्द होता, आणि त्या शब्दाशिवाय पेशंटला खाट मिळत नसे. माणूस. 'पेशंटचं माणूस.' खाटेपाशी थांबायचं, मागच्या चुलींवर भाकरी-कालवण करायचं, पाणी पाजायचं, भांडं द्यायचं आणि काही झालं तर नर्सला हाक मारायची, हे सगळं त्या माणसानं करायचं. त्याला पत्र्याचा एक बिल्ला मिळे. फाटकावरचा वॉचमन तोंडाकडं न बघता बिल्ल्याकडं बघे. एका पेशंटला एकच बिल्ला. ज्याला जगात कुणी नाही त्यानंही कुणीतरी आणायचंच, असा मेट्रनबाईंचा दंडक होता. त्या नगरकडच्या, उंच, कडक. देवानं सृष्टी निर्माण केली तेव्हा फिनेल आधी केलं असावं अशी त्यांची श्रद्धा. मामा त्यांना ठेसनमास्तर म्हणत, आणि त्यांच्यापुढं गेले की आपोआप ताठ उभे राहत.

तसे ते उभे राहिले.

"माणूस आणलंय का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"आनलंय की."

"कुठंय?"

"हे काय, पायाशी."

मेट्रनबाई टेबलावरून वाकल्या. डायवरनं वर बघितलं. दोघंही मागं सरले नाहीत.

"मामा, हे कुत्रं आहे."

"व्हय, कुत्रंबी हाय. पर माझं माणूस हेच हाय."

आपल्या भाषेनंच हा घोळ करून ठेवलाय. नुसता 'माणूस' म्हटला तर तो दोन पायांचा. पण 'आपलं माणूस' म्हटलं की ते 'ते' होतं, आणि त्या 'ते'मध्ये बायको बसते, भाऊ बसतो, शेजारीण बसते. मग कुत्र्यालाच कुठल्या तोंडानं उठवायचं? मेट्रनबाईंचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या क्षणभर अडल्या. मग म्हणाल्या, दोन पायांचं आणा. मामा म्हणाले, दोन पायांची लई बघितली, आणि वळून चालू लागले.

त्यांना थांबवताना माझी कोण दमछाक झाली ते सांगत बसत नाही. शेवटी मी केंदूरला निरोप धाडून त्यांच्या पुतण्याला बोलावून घेतलं. चांगला मुलगा होता बिचारा, लग्न झालेला, शेतात कांदा काढणीला आलेला. शरीरानं तो शिरूरला आला, जीव मात्र केंदूरच्या कांद्यात. बिल्ला त्याच्या सदऱ्याला लावला. डायवरला माझ्या खोलीत बांधलं. मी त्याला लांबूनच भाकरी सरकवली, त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मामांना मी हाताला धरून ऑपरेशनला नेलं. चालताना ते सारखे थांबत. त्यांच्या गुडघ्याला नाक लावायला कुणी नव्हतं, आणि ते काम मला जमण्यातलं नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या काळी मोतीबिंदूचं खरं ऑपरेशन नंतर सुरू व्हायचं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि पेशंट उताणा. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचंही नाही. टाका ताणला की डोळा गेला. आणि मामांना दुसरा डोळा नव्हता.

त्याच दुपारी फाटकाबाहेर डायवर आला. माझी दोरी त्यानं कुरतडली होती. वॉचमननं बिल्ला नाही म्हणून त्याला हाकललं. तो रस्त्याच्या पलीकडं गेला, परत आला, परत हाकलला गेला. मग तो भर रस्त्यात उभा राहून जे रडायला लागला, ते वॉर्डात अगदी खाटेशी ऐकू येत होतं. पुतण्या चहाला गेलेला. मी पलीकडच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते. बघते तर मामांचं डोकं वाळूच्या पिशव्यांमधून वर येतंय.

मी ट्रे तिथंच टाकला आणि त्यांचं कपाळ धरलं. मेट्रनबाई कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी मला बाजूला केलं, दोन्ही तळवे मामांच्या कानशिलांवर ठेवले आणि डोकं उशीला टेकवलं.

"बाई, सोडा. त्यो लाइनीत उभा हाय."

"पडून राहा."

"मला हुडकतोय त्यो. ट्रक यील अंगावर. मरंल त्यो."

"तुम्ही हललात तर डोळा मरेल."

"जाऊ द्या डोळा," मामा म्हणाले.

ते ओरडले नाहीत. ओरडायचं नाही हे त्यांच्या ध्यानात होतं. अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाले. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. मेट्रनबाईंच्या तळव्यांखाली त्यांची मान ताठ झाली, बाईंच्या हातांवरच्या शिरा मला दिसल्या. भोंगा पुढं निघून गेला. रडणं परत सुरू झालं, तशी मान जरा सैल पडली. असं किती वेळ धरून ठेवणार?

"सिस्टर," मेट्रनबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जा, त्याला धुऊन घ्या."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, "कुणाला?"

"ह्यांच्या माणसाला."

तर अशा रीतीनं मी, तीन वर्षं नर्सिंग शिकलेली, पांढऱ्या टोपीत, दवाखान्याच्या मागच्या नळावर एका कुत्र्याला कार्बोलिक साबण लावत बसले. आम्ही दोघंही सारखेच थरथरत होतो. पुतण्या लांबूनच बादल्या ओतत होता. मेट्रनबाई येऊन कुत्र्याचे कान उलटून बघून गेल्या आणि परत एकदा धुवा म्हणाल्या. मग त्यांनी पुतण्याच्या सदऱ्यावरचा बिल्ला काढला आणि डायवरच्या गळ्यातल्या दोरीत अडकवला. पुतण्याचा चेहरा असा खुलला की काही विचारू नका. "मग मी जातो, कांदा राह्यलाय," म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत एस.टी.त बसलासुद्धा.

मामांची खाट ओढून व्हरांड्याच्या दाराशी लावली. उंबऱ्यावर फिनेलची रेघ, रेघेच्या अलीकडं मामा, पलीकडं उकळून वाळवलेल्या गोणपाटावर डायवर. मधे एक दोरी, एक टोक मामांच्या बोटाला, दुसरं त्याच्या गळ्याला. मामांना बोलायची बंदी. मग पाणी हवं असलं, भांडं हवं असलं, की ते बोट हलवत आणि डायवर एकदाच भुंके. आम्ही धावायचो. मला आधी डॉक्टर बोलवायचे, मग मेट्रनबाई बोलवायच्या, आता कुत्रं बोलवायला लागलं. खोटं कशाला सांगू, तिघांत उगाच न बोलवणारं तेवढंच होतं.

शेजारच्या खाटेवर वडगाव रासाईचे एक बागायतदार होते. त्यांचा बिल्ला त्यांच्या आईनं पटकावलेला, बायको बाहेर चिंचेखाली बसून. ते पहिल्या दिवसापासून धुमसत होते.

"बाई, माझी बायकू भाईर आन् कुत्रं आत?" ते एकदा मेट्रनबाईंना म्हणालेच. "तुमच्या राज्यात कुत्र्याचं वजन जास्त हाय म्हनायचं."

"तुमच्या आई आल्यापासून बोलताहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "हे अजून कुणाशी भांडलं नाही. त्यांना विचारा, बिल्ला सोडतात का."

आईंनी बिल्ला सोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बागायतदारांची बायको चिंचेखालून डायवरसाठी भाकरी पाठवत होती.

सगळ्यांना धास्ती होती ती डॉक्टरांच्या राउंडची. पुण्याचे डॉक्टर टाके बघायला परत आले. त्यांच्या हातात एवढं कसब, की त्यांच्यापुढं मेट्रनबाईसुद्धा हळू बोलत. ते मामांच्या खाटेशी आले, पट्टी बघितली, समाधानानं मान हलवली आणि वळता वळता त्यांचा पाय दोरीला लागला. ते दाराबाहेर बघत राहिले. मी मनातल्या मनात माझं सामान बांधायला घेतलं.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

मेट्रनबाई ताठ उभ्या होत्या, मामा त्यांच्यापुढं उभे राहत तशा.

"पेशंटचं माणूस आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी बिल्ला पाहिला. मग विचारलं, "धुतलंय का?"

"सिस्टर धुतात. रोज."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. "आणि बाकीच्या माणसांना कोण धुतं?" त्यांनी वॉर्डभर नजर टाकत विचारलं.

"तीच तर अडचण आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. उताण्या पडलेल्या मामांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसायची बंदी होती, म्हणून तेवढाच.

पट्टी सुटली त्या सकाळी मेट्रनबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. त्यांनी बोटं समोर धरली, मामांनी ती बरोबर मोजली. भिंगाचा जाड काचेचा एक जुना चष्मा दवाखान्यात असे, तो त्यांच्या डोळ्यांवर धरला. मामांनी आमच्याकडं काही बघितलं नाही. ते मान वळवून उंबऱ्याकडं बघायला लागले. डायवर त्यांच्याकडं आला तो डोळे गेल्यानंतर, त्यामुळं त्यांनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. किती तरी वेळ बघत राहिले. कुत्र्याला अशी टक लावलेली सोसत नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि गोणपाटावर हनुवटी टेकली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, कसा आहे?

"थकलाय वो," मामा म्हणाले. "तोंड पांढरं पडलंय त्याचं. मला कुनी बोललं न्हाई."

कुणी बोललं नव्हतं हे खरं. मी रोज त्या तोंडाला साबण लावत होते, मलाही तो साबणाचाच फेस वाटायचा.

पुढं मला क्वार्टर मिळालं आणि मी त्यांची खोली सोडली. मामांचा स्वतःचा चष्मा पुण्याहून आला, तो लावून ते एकदा मेट्रनबाईंना दाखवायलाही येऊन गेले. मेट्रनबाईंनी तो काढून घेतला, पुसला आणि परत लावून दिला. त्यानंतर बरेच दिवस गाठ नाही.

मग एकदा बाजाराच्या दिवशी, दुपारच्या ड्यूटीला जाताना, ते मला पुढं चाललेले दिसले. डायवर पुढं, दोरी ताणलेली, मागं मामा. मी हाक मारणार तोच माझं लक्ष गेलं. चष्मा नव्हता, आणि डोळे मिटलेले होते. डोळा गेला, असंच वाटलं. मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला.

"मामा, चष्मा कुठंय?"

"खिशात."

"दिसत नाही का?"

"घातला की लख्ख दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी तो एक डोळा उघडून मला बघितलं, आणि परत मिटून घेतला.

मी चिडले. माझ्या पायरीला शोभेल त्यापेक्षा जास्त चिडले. आम्ही सगळ्यांनी जिवाचं रान केलं, मेट्रनबाईंनी डॉक्टरांपुढं मान पुढं केली, मी कुत्रं धुतलं, ते काय डोळे मिटून फिरण्यासाठी? मामांनी ऐकून घेतलं. मग मला दोरीच्या लांबीइतकं बाजूला ओढलं, कुत्र्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

"घरात घालतो की चश्मा. भाकरी करताना घालतो," ते कुजबुजले. "पयल्या दिशी घालून भाईर पडलो. मीच फुडं. त्यो मागं आला थोडा आन् बसला खाली. घरी गेल्यावर भाकरीला तोंड लावंना. भिंतीकडं तोंड करून बसला. मला रेल्वेनं घरी पाठविलं तवा मीबी तसाच बसलो हुतो. माझा डोळा गेला म्हनून माझी नोकरी गेली, ते बरुबर हाय. पर माझा डोळा आला म्हनून त्याची जावी?"

मी म्हटलं, पण तो थकलाय असं तुम्हीच म्हणालात ना. आता बसू दे की त्याला.

"थकलाय म्हनून काय झालं, शिस्टर?" मामा म्हणाले. "तुमी न्हाई थकला? चाललाच न्हवं डूटीवर?"

पाय तर सकाळपासूनच दुखत होते. मामांनी दोरी मनगटावर नीट केली, डोळे मिटलेलेच होते, आणि दोघं निघाले. वळणावर समोरून उसाची बैलगाडी आली, रस्ता भरून. डायवर थांबला, मामा थांबले. बाजूनं जायला मला वाट होती आणि ड्यूटीची वेळ झालेली होती. पण मीही त्यांच्या मागं, गाडी पूर्ण जाईपर्यंत, उभी राहिले.